वकिलातीतला वकील

जिल्हा न्यायालयाच्या आवारात, काळा कोट अंगावर चढवून आणि अशिलांच्या घोळक्यात उभा राहून, पुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या गृहस्थास आपण वकील म्हणतो. आणि परदेशच्या राजधानीत, तिरंगा फडकणाऱ्या ज्या इमारतीत आपला राजदूत बसतो, तिलाही आपण वकिलातच म्हणतो. पहिल्याचा दिवस सातबाराचे उतारे आणि भाऊबंदकीचे दावे यांत सरतो, दुसऱ्याची संध्याकाळ मेजवान्या आणि औपचारिक भाषणे यांत. पहिल्याला बोलल्याचा मेहनताना मिळतो, दुसऱ्याला पुष्कळदा न बोलल्याचा. असे असता या दोन भिन्न प्रकृतीच्या माणसांना मराठीने एकाच शब्दाच्या छपराखाली का आणून बसवले असावे?

या कोड्याचे उत्तर शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठी दफ्तरात आलेल्या ‘वकील’ या शब्दाचा मूळ अर्थ इतकाच की, दुसऱ्याने ज्याच्यावर आपले काम विश्वासाने सोपवले आहे आणि जो त्या दुसऱ्याच्या जागी उभा राहून बोलतो, तो. इंग्रजी अमदानीत न्यायालये आली तेव्हा हा शब्द त्यांच्या दारी जाऊन बसला. परंतु राजाराजांमधील बोलणी करणाऱ्या माणसाचा जो अर्थ त्याला आधी होता, तो ‘वकिलात’ या शब्दात आजही शाबूत आहे. परराष्ट्रसेवेतील अधिकाऱ्याचे सारे आयुष्य, म्हणजे त्याची निवड, त्याचे मानपान, त्याला लाभलेले कायद्याचे कवच आणि दर तीन वर्षांनी मोडणारे त्याचे बिऱ्हाड, या एका गोष्टीवरून उलगडत जाते: तो जे बोलतो ते त्याचे स्वतःचे नसते.

पेशवाईतले वकील

अठराव्या शतकात मराठ्यांचे राजकारण दिल्लीपासून श्रीरंगपट्टणपर्यंत पसरले, तेव्हा दरबारोदरबारी भरवशाचा माणूस ठेवल्याखेरीज ते चालणे शक्य नव्हते. दिल्लीस पेशव्यांची वकिली पिढ्यान्‌पिढ्या हिंगणे घराण्याकडे होती, आणि त्यांनी पाठवलेली पत्रे ‘हिंगणे दफ्तर’ या नावाने पुढे छापली गेली. बादशहाची मर्जी कोणाकडे झुकली, कोणत्या सरदाराचे कोणाशी सूत जमले, फौजेचा पगार किती महिने थकला, अशा बारीकसारीक वर्तमानाने ही वकिली पत्रे भरलेली असत. कारण पुण्यात बसलेल्या धन्याला दिल्लीचा दरबार दिसत नव्हता, आणि वकील हेच त्याचे डोळे व कान होते.

उलट दिशेनेही हीच रीत चाले. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी उभी राहिली. १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहाचा मंजूर झालेला दस्तऐवज त्याने भर दरबारात पेशवे सवाई माधवराव यांच्या हाती दिला. त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने काढलेले मोठे तैलचित्र प्रसिद्ध आहे.

वकिलाच्या जिवाचे मोल काय असते, हेही महाराष्ट्राने त्याच काळात पाहिले. बडोद्याचे गायकवाड आणि पेशवे यांच्यातील हिशेबाचा जुना तंटा मिटवण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन हे गायकवाडांचे वकील म्हणून, इंग्रजांनी त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतल्यावर, पुण्यास आले. आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास विठोबाच्या दर्शनाहून परतत असता त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर गेला. तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्रिंबकजीस ताब्यात देण्याची मागणी लावून धरली, आणि तेथून जे वैमनस्य वाढत गेले त्यातून १८१७ चा पुण्याचा तह, खडकीची लढाई आणि संगमावरच्या रेसिडेन्सीची राखरांगोळी, अशी पुढची पायरीपायरीची घसरण झाली. मराठी राज्य बुडण्याची कारणे कितीतरी खोल होती, हे खरे; परंतु हमी दिलेल्या वकिलाचा खून हा त्या माणसापुरता उरत नाही, हमी देणाऱ्याची पत त्यात गुंतलेली असते, हे त्या प्रकरणाने उघड केले.

वकील घडतो कसा?

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असता, ९ ऑक्टोबर १९४६ रोजी, भारतीय परराष्ट्रसेवा उभारण्याचा निर्णय झाला. आज या सेवेत येण्याची मुख्य वाट म्हणजे संघ लोकसेवा आयोगाची तीच परीक्षा, जिच्यातून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक निवडले जातात. मसुरीच्या प्रबोधिनीत सर्व सेवांच्या उमेदवारांचा एकत्र पाया घातला जातो. मग परराष्ट्रसेवेची मंडळी दिल्लीतील स्वतंत्र संस्थेत आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार, शिष्टाचार आणि मसुदे लिहिण्याची कला शिकतात.

त्यानंतरची पायरी बाहेरच्यांस फारशी ठाऊक नसते. प्रत्येक नव्या अधिकाऱ्यास एक परकी भाषा नेमून दिली जाते, अरबी, रशियन, चिनी, जपानी, स्पॅनिश किंवा अशीच दुसरी. आणि ती भाषा ज्या मुलखात बोलली जाते तेथेच त्याची पहिली रवानगी होते. त्या भाषेच्या परीक्षेत उतरल्याखेरीज नोकरी कायम होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या गावातून निघून ‘माती, पंख आणि आकाश’ हे आत्मकथन लिहिणारे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत शिरले ते जपानी भाषा घेऊन. दुभाष्या कितीही निष्णात असला तरी समोरचा मनुष्य एखाद्या शब्दापाशी का अडखळला, हे तो सांगू शकत नाही. आणि मुत्सद्द्याला पुष्कळदा त्या अडखळण्याचाच अर्थ हवा असतो.

हुद्द्यांची शिडी मात्र सरळ आहे. तिसरा सचिव, दुसरा सचिव, पहिला सचिव, समुपदेशक, मंत्री आणि शेवटी राजदूत. यातील ‘मंत्री’ हा नुसता हुद्दा असून त्याचा मंत्रिमंडळाशी काही संबंध नाही. राजदूत गैरहजर असता जो कारभार पाहतो त्याला प्रभारी राजदूत म्हणतात; मराठेशाहीत धन्याच्या गैरहजेरीत शिक्का चालवणारा मुतालिक असे, त्याचीच ही आधुनिक आवृत्ती समजावी.

येथे एक छोटे कोडे पुष्कळांना पडते. पॅरिस, टोकियो, मॉस्को येथे आपला राजदूत असतो. मग लंडन आणि कॅनबेरा येथे उच्चायुक्त का? कारण असे की, राजदूत हा एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला असतो, आणि ब्रिटिश राष्ट्रकुलातील देशांचा राजा एके काळी एकच होता. राजाने स्वतःकडेच आपला दूत कसा पाठवावा? म्हणून या देशांनी आपसांत वेगळे नाव रूढ केले. पुढे भारत प्रजासत्ताक झाला, तरी नाव राहिले. अधिकार आणि काम दोघांचे सारखेच.

वकीलपत्र रुजू होते तेव्हा

न्यायालयात वकिलाने तोंड उघडण्यापूर्वी पक्षकाराच्या सहीचे वकीलपत्र दाखल करावे लागते. ते नसेल तर त्याच्या बोलण्याला वाटसरूच्या बोलण्याइतकीच किंमत. राजदूताचेही नेमके असेच असते.

पहिली पायरी चोरपावलांची आहे. दिल्लीने एखाद्या देशासाठी कोणाची निवड केली, की त्याचे नाव जाहीर करण्यापूर्वी त्या देशाला गुपचूप विचारले जाते की, हा माणूस तुम्हांस चालेल काय? या संमतीस फ्रेंच भाषेतून आलेला ‘आग्रेमां’ हा शब्द वापरतात. मुलीचे स्थळ पाहताना मध्यस्थामार्फत आधी अंदाज घ्यावा आणि होकार आल्यावरच कांदेपोह्यांचा बेत ठरवावा, त्यातलाच हा प्रकार. कारण नकार यायचाच असेल तर तो चार लोकांत यायला नको. नकाराचे कारण देण्याचे बंधन यजमान देशावर नसते.

संमती आली की राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याचे पत्र तयार होते. या पत्राचा सारांश असा की, हा माझा माणूस, माझ्या वतीने तो जे सांगेल त्यावर आपण विश्वास ठेवावा. या विश्वासाच्या विनंतीमुळेच त्याला अधिकारपत्र हे नाव सार्थ आहे. नवा राजदूत त्याची एक नक्कल यजमान देशाच्या परराष्ट्र खात्यास देतो, आणि मूळ पत्र ठरलेल्या दिवशी त्या देशाच्या प्रमुखास स्वहस्ते अर्पण करतो. लंडनमध्ये यासाठी राजवाड्याची घोड्यांची बग्गी न्यायला येते. दिल्लीत परदेशी राजदूत राष्ट्रपती भवनात जातात.

हा सोहळा वरून पोशाखी दिसतो. परंतु त्यातल्या दिवसाला आणि वेळेला व्यावहारिक महत्त्व आहे. पूर्वी कोणत्या राजाच्या दूताने पुढे चालावे यावरून अक्षरशः रक्तपात होत असे. १६६१ मध्ये लंडन येथे स्वीडनच्या नव्या दूताच्या स्वागतप्रसंगी, मिरवणुकीत गाडी कोणाची पुढे यावरून फ्रेंच आणि स्पॅनिश दूतांच्या माणसांत लढाई जुंपली, माणसे ठार झाली आणि प्रकरण युद्धाच्या धमकीपर्यंत गेले. मानाच्या पानावरून लग्नात रुसणारे मामा आपण पाहिलेले असतात. येथे रुसणाऱ्याच्या पदरी फौज होती, एवढाच फरक. अखेर मार्च १८१५ मध्ये, म्हणजे पंढरपुरास शास्त्रीबोवांचा खून झाला त्याच वर्षी, व्हिएन्ना येथे जमलेल्या युरोपीय सत्तांनी साधा तोडगा काढला: देश मोठा की लहान हे पाहायचे नाही, एका वर्गाच्या दूतांत ज्याने आपली आगमनाची वर्दी आधी दिली, तो आधी. आज प्रत्येक देश अधिकारपत्राची किंवा त्याच्या नकलेची तारीख आणि वेळ धरून हा क्रम लावतो, आणि त्यामुळे एखाद्या चिमुकल्या बेटाचा जुना राजदूत अमेरिकेच्या नव्या राजदूतापुढे निःशंकपणे चालतो.

कवच कोणाचे?

राजदूताला अटक करता येत नाही, त्याच्यावर खटला भरता येत नाही, त्याच्या कचेरीत पोलीस शिरू शकत नाहीत. कायद्यापुढे सर्व समान म्हणणाऱ्या लोकशाहीत ही मिजास कशाला, असा प्रश्न कोणाही सरळ माणसाच्या मनात येतो.

आषाढात पालखी गावात शिरते तेव्हा रस्ता मोकळा होतो, लोक हात जोडतात, कोणी आडवे येत नाही. हा मान पालखीच्या भोयांना नसतो, आतल्या पादुकांना असतो. भोई खांदा बदलून बाजूला झाला की तोही गर्दीतला एक वारकरी. राजदूताचे कवच या जातीचे आहे. १८ एप्रिल १९६१ रोजी झालेल्या व्हिएन्ना कराराने या जुन्या रिवाजांना लिखित रूप दिले, आणि भारताने १९७२ च्या कायद्याने ते आपल्या देशात लागू केले. त्या करारात म्हटले आहे की, ही सूट व्यक्तीच्या लाभासाठी नसून वकिलातीचे काम निर्वेध चालावे यासाठी आहे. म्हणूनच ती सोडून देण्याचा अधिकारही त्या अधिकाऱ्याला नसतो. तो त्याच्या सरकारला असतो. भोई पादुका दान करू शकत नाही.

वकिलातीची जागा म्हणजे परदेशाची भूमी, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. जमीन यजमान देशाचीच राहते, फक्त प्रमुखाच्या परवानगीवाचून तेथे त्याचे पोलीस पाऊल टाकू शकत नाहीत. घर मालकाचे आणि किल्ली भाडेकरूची, असा हा मामला. या नियमाची कठोर कसोटी १७ एप्रिल १९८४ रोजी लंडनमध्ये लागली. लीबियाच्या वकिलातीबाहेर निदर्शने चालू असता आतून गोळीबार झाला आणि यव्हॉन फ्लेचर ही तरुण पोलीस शिपाई ठार झाली. पोलिसांनी इमारतीस अकरा दिवस वेढा दिला, पण आत पाऊल टाकले नाही. ब्रिटनने लीबियाशी संबंध तोडले आणि आतल्या सर्वांना देशाबाहेर जाऊ दिले. इंग्रज जनतेचा संताप समजण्याजोगा होता. परंतु त्रिपोलीत ब्रिटनचीही वकिलात होती, तिथेही माणसे होती, आणि लंडनमध्ये जो दरवाजा फोडला जाईल तो त्रिपोलीतही फोडला जाईल, हा हिशेब सरकारला करावाच लागला. या साऱ्या कायद्याला पोलिसांचा धाक नाही. त्याचा आधार परस्परभाव आहे. आपला माणूस त्यांच्या घरी आहे आणि त्यांचा आपल्या घरी.

हेच डाकेच्या थैलीचे. वकिलातीची मोहोरबंद थैली उघडता किंवा अडवता येत नाही. मात्र तिच्यावर तशी ठळक बाह्य खूण असावी लागते. जुलै १९८४ मध्ये लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर नायजेरियाकडे निघालेली लाकडी खोकी जकात अधिकाऱ्यांनी उघडली, तेव्हा त्यांत पळवून आणून बेशुद्ध केलेले त्या देशाचे माजी मंत्री उमारू डिक्को सापडले. खोकी उघडता आली याचे कारण अगदी कारकुनी होते: त्यांवर थैलीची रीतसर खूण आणि कागद नव्हते.

मग असा अधिकारी मर्यादा ओलांडू लागला तर यजमानाच्या हाती काय उरते? एकच, परंतु रामबाण उपाय. त्याला ‘पर्सोना नॉन ग्राटा’, म्हणजे नकोसा माणूस, असे जाहीर करायचे. कारण द्यावे लागत नाही, आणि ठरलेल्या मुदतीत त्याला मायदेशी परतावे लागते. औपचारिकपणे नकोसा न म्हणताही यजमान आपली नाराजी कळवू शकतो. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांना पंडित नेहरूंनी १९४८ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस पाठवले. ज्यांच्या वडिलांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या छोट्या संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती सोपवली होती, त्या अप्पासाहेबांना केनियातील आफ्रिकी पुढाऱ्यांविषयी सहानुभूती वाटावी यात नवल नव्हते, आणि वसाहतीच्या गोऱ्या सरकारला ती खुपावी यातही नव्हते. त्या सरकारच्या नाराजीपायी १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावे लागले. पुढे त्यांनी गंगटोकपासून लंडनपर्यंत अनेक जबाबदाऱ्या सांभाळल्या; ज्या ब्रिटनला ते एके काळी डोईजड झाले होते, त्याच ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये ते भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले.

दिवसभर करतो तरी काय?

सकाळी पहिले काम वाचनाचे. स्थानिक भाषेतील वृत्तपत्रे, संसदेतील भाषणे, सरकारी राजपत्र, अंदाजपत्रकाचे आकडे. नंतर भेटीगाठी, आणि संध्याकाळी त्या सर्वांचे सार काढून दिल्लीस सांकेतिक लिपीत धाडायचा खलिता. पेशव्यांचा वकील जे बोरूने लिहीत होता तेच हा यंत्राने पाठवतो. कौशल्य जुनेच आहे. काय ऐकले, कोणाकडून ऐकले आणि त्यातले किती खरे मानावे, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवून थोडक्यात सांगणे. धन्याला आवडेल तेच लिहिणारा वकील पेशव्यांच्याही उपयोगाचा नव्हता.

यजमान सरकारशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचा थाट पाहण्यासारखा असतो. ‘नोट व्हर्बाल’ या नावाने ओळखले जाणारे पत्र तृतीयपुरुषी असते. त्यात ‘मी’ नसतो आणि खाली पूर्ण सहीही नसते, केवळ वकिलातीचा शिक्का आणि आद्याक्षरे. आरंभी वकिलात परराष्ट्र खात्यास आपला आदर कळवते, शेवटी अत्युच्च आदराची पुन्हा ग्वाही देते, आणि मधल्या दोन ओळींत कधीकधी घोर निषेध असतो. जुन्या मराठी पत्रातील लांबलचक मायना ज्याने वाचला आहे, त्याला याचे इंगित चटकन कळेल: भांडण कितीही विकोपाला गेले तरी कागद जाण्यायेण्याची वाट बंद पडू नये, यासाठी ती शिष्टाचाराची फरसबंदी घातलेली असते.

मेजवान्यांबद्दलचा लोकांचा कुत्सितपणाही थोडा तपासून घेण्याजोगा आहे. कचेरीतल्या बैठकीत प्रत्येक शब्दाची नोंद होते, म्हणून तेथे कोणी नवीन काही बोलत नाही. हातात पेला घेऊन खिडकीशी उभे असता मात्र ‘हा मसुदा आमच्याकडे मान्य होणार नाही, पण तिसऱ्या कलमातला एक शब्द बदलला तर बघू’ असे एखादे वाक्य सहज कानी घालता येते, आणि अंगाशी आले तर विसरताही येते. लग्नाची बोलणी बैठकीत फिसकटतात आणि मागच्या पडवीत जुळतात, हा अनुभव आपल्या घरोघरी आहे.

आपल्या माणसांचा वकील

राजधानीतली वकिलात दोन सरकारांमधली. वाणिज्य दूतावास मुख्यत्वे माणसांसाठी. त्याचा कायदाही वेगळा, १९६३ च्या दुसऱ्या व्हिएन्ना कराराचा, आणि तेथील अधिकाऱ्याचे कवच पातळ, जवळजवळ त्याच्या कामापुरतेच.

समजा, रत्नागिरीकडचा एक गवंडी आखातात बांधकामावर असता हृदयविकाराने गेला. गावी आई मृतदेहाची वाट पाहते आहे. तेथे मृत्यूचा दाखला स्थानिक भाषेत मिळतो, पोलिसांचा अहवाल लागतो, मालकाकडचा पगाराचा हिशेब चुकता व्हायचा असतो, पासपोर्ट रद्द करून त्याची नोंद करायची असते, देह टिकवण्यासाठी मसाला भरल्याचे प्रमाणपत्र हवे असते, आणि या साऱ्यांवर वकिलातीचा ना-हरकत दाखला मिळाल्यावरच विमानात पेटी चढते. यातला एक कागद अडला तर ती पेटी शवागारात पडून राहते. या कामाची बातमी कोठे छापून येत नाही. पण त्या आईच्या लेखी भारत सरकार म्हणजे तो शिक्का मारणारा अधिकारी.

कधी ही एकट्यादुकट्याची गरज लक्षावधींची होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा एक लाख सत्तर हजारांच्या घरातील भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणण्यात आले. विमाने मुख्यत्वे एअर इंडियाची होती, वैमानिकांचे शौर्य निर्विवाद होते. परंतु इतक्या माणसांनी शत्रुत्वाच्या ऐन धुमाळीत सरहद्दी ओलांडाव्यात यासाठी लागणाऱ्या परवानग्या त्याआधी कोणीतरी, कोणाच्यातरी दालनात बसून, मिळवलेल्या होत्या.

परदेशात अटक झालेल्या नागरिकास आपल्या वकिलातीच्या माणसाची भेट मिळावी, हा हक्कही याच १९६३ च्या कराराच्या ३६व्या कलमात आहे. निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने ही भेट नाकारली, म्हणून भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १७ जुलै २०१९ रोजी त्या न्यायालयाने पाकिस्तानने करार मोडल्याचा निर्णय दिला. भारताची बाजू हरीश साळवे यांनी एक रुपया मेहनतान्यावर मांडली. वकिलातीतल्या वकिलाला बंदिवानाच्या भेटीचा हक्क आहे, हे न्यायालयातल्या वकिलाने सिद्ध करून द्यावे, हा योग मराठी वाचकाने खास दाद देण्याजोगा.

बिऱ्हाड पाठीवर

परदेशातली नेमणूक बहुधा तीन वर्षांची. दोनएक नेमणुका झाल्या की पुन्हा काही वर्षे दिल्ली. याचे कारण काटकसर किंवा लहर नव्हे. एका जागी फार काळ राहिलेला वकील हळूहळू तिथलाच होतो, यजमानाच्या अडचणी त्याला आपल्या वाटू लागतात, आणि तो धन्याकडे यजमानाची बाजू मांडू लागतो. ठिकाणांचीही प्रतवारी आहे, हवापाणी, सुरक्षितता, शाळा-दवाखाने पाहून लावलेली. सुखाच्या जागेनंतर कष्टाची जागा पदरी यावी अशी अपेक्षा असते. अधिकाऱ्याची मुले तीन खंडांत चार शाळा पाहतात, आणि पतीपत्नींपैकी जो जोडीदार सेवेत नाही त्याला पुष्कळदा आपला व्यवसाय गुंडाळून ठेवावा लागतो.

स्त्रियांच्या वाट्याला तर आरंभी याहून जड अट होती. कूर्गच्या सी. बी. मुथम्मा या १९४९ मध्ये परराष्ट्रसेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. त्या काळचा नियम असा की, स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटल्यास राजीनामा द्यावा. पुरुषाला मात्र यांतले काही लागू नव्हते. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील उघड भेदभावावर कडक ताशेरे ओढले. तोवर सरकारने त्यांना बढती दिली होती आणि नियम बदलण्याची तयारीही दाखवली होती. देशाची वकिली करणाऱ्या बाईंना स्वतःची बाजू मांडण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

थोडक्यात

- राजदूत हा वकील आहे: तो आपल्या राष्ट्राच्या वतीने आणि सूचनेने बोलतो.
- नेमणुकीपूर्वी यजमान देशाची गुप्त संमती, नेमणुकीनंतर राष्ट्रप्रमुखाचे अधिकारपत्र. मानाचा क्रम तारखेवरून ठरतो, देशाच्या आकारावरून नव्हे.
- कायद्याचे कवच पदाचे आणि राष्ट्राचे. ते फक्त त्याचे सरकार काढून घेऊ शकते.
- वकिलातीची जागा परदेशाची भूमी नसते. तेथे परवानगीवाचून प्रवेश नसतो.
- नकोशा अधिकाऱ्यास यजमान कारण न देता परत पाठवू शकतो.
- वाणिज्य दूतावास नागरिकांच्या अडीअडचणींसाठी. त्याचा करार १९६३ चा.

पुलावरचे नाव

३ फेब्रुवारी १९८४ रोजी संध्याकाळी बर्मिंगहॅम येथील भारतीय कचेरीतील अधिकारी रवींद्र म्हात्रे मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन बसमधून उतरले आणि घराकडे निघाले, तेव्हा एका काश्मिरी फुटीर गटाने त्यांना पळवले. तिहारच्या तुरुंगातील फुटीर पुढारी मकबूल बट याची सुटका आणि खंडणी या त्यांच्या मागण्या होत्या. काही दिवसांतच म्हात्रे यांची हत्या झाली. ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पळवणाऱ्यांचा त्यांच्याशी वैयक्तिक असा कोणताच दावा नव्हता. त्या संध्याकाळी त्या खुर्चीवरचा दुसरा कोणी बसमधून उतरला असता तर त्यालाही त्यांनी नेले असते. वकील अशिलाच्या जागी उभा राहतो, या जुन्या व्याख्येची पुरी किंमत त्यांनी मोजली.

पुण्यात मुठा नदीवर एक पूल आहे. रोज हजारो लोक त्यावरून ये-जा करतात आणि ‘म्हात्रे पुलापाशी भेटू’ असे एकमेकांना सांगतात. त्या पुलाला नाव आहे ते या रवींद्र म्हात्रे यांचे.